पांढरं उन्हात पाहावं

नाटकाचा पडदा दोरीनं वर जातो, गांधीबागेच्या कापडबाजारातला शटरनं. खडखडाट करत लोखंड गुंडाळलं जातं आणि रंगमंच दिसू लागतो. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर कापडाची थानं, आणि समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच एक गादी. तिच्यावर ताणून बसवलेली पांढरी चादर, कडेला लोड, चपला खाली पायरीशी. अगरबत्तीचा धूर अजून शेठजींच्या गल्ल्याभोवती घोटाळतो आहे. ट्यूबलाइटी डोळे मिचकावत एकेक करून जाग्या होताहेत. आणि उजव्या विंगेतून, म्हणजे मोरीच्या बोळातून, तोंडावर पाणी मारून प्रवेश करतो आपला नायक.

नायक म्हणावं असं रूप नाही बिचाऱ्याचं. पन्नाशी ओलांडलेली, मान आखूड आणि जाड, शर्टाची छाती पाण्यानं भिजलेली, डोळ्यांखाली काळ्या पिशव्या लोंबलेल्या. प्रेमानंद गजभिये. इंदोऱ्यात घर, गांधीबागेत जन्म गेलेला. मिसरूड फुटलं तेव्हा या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलायला लागला आणि स्वतःच्या हातांच्या जोरावर गादीवर चढला. घाऊक कापडाच्या दुकानात गादीवर बसणं म्हणजे नाटकात बोलायची भूमिका मिळणं. बाकीचे सगळे भाले धरून उभे.

त्याचे हात पाहावेत! गिऱ्हाईक समोर बसलं की तो थान मांडीवर घ्यायचा, एक टोक बोटांत धरायचा आणि मनगटाला असा झटका द्यायचा की थान गरागरा लोळत जाऊन बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी थांबायचं. ना सुरकुती, ना गुंता. कापड हवेत असायचं तेवढा क्षणभर दुकान गप्प व्हायचं. टाळ्या पडायच्या नाहीत एवढंच.

आणि पांढऱ्या कापडाचा तो राजा. अशोक विजयादशमी जवळ आली की बस्त्याबस्त्यांतली महिला मंडळं पांढऱ्या साड्या घ्यायला निघतात. एका विहाराच्या साऱ्या बाया एकाच मालाच्या साड्यांत, निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांत, रांगेनं दीक्षाभूमीकडे चालत जातात. रांग एकसारखी दिसली पाहिजे. पण पांढरं फसवं असतं. ट्यूबलाइटखाली सगळं पांढरं सारखंच. म्हणून प्रेमानंदनं स्वतःला नियम घालून घेतला होता. गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक साडीचं टोक दुकानाच्या पायरीवर न्यायचं, उन्हात धरायचं, मगच बांधायचं. त्या दिवशी ऊन नसेल तर माल दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घ्यायचा, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी.

"पांढरं उन्हात पाहावं, ताई," तो म्हणायचा. "ट्यूबलाइट त खोटं बोलते."

असा हा माणूस झोपू लागला.

सुरुवातीला त्याची थट्टाच झाली. लोडाला टेकला की मान छातीवर पडायची आणि क्षणात असा आवाज निघायचा की गल्लीतल्या गिऱ्हाइकांनी आत वाकून पाहावं. शेजारी बसणारा बळीराम, त्याचा गादीवरचा जोडीदार, मीटरची लोखंडी पट्टी त्याच्या पायाला टोचायचा.

"काय बे प्रेम्या, रातभर कोणत्या गावाले ट्रक घेऊन गेला होता?"

"घोरतो तो सुखानं झोपतो, बळ्या. तुले काहून जळते?"

"मले नाही जळत. पन सातरंजीपुऱ्यापर्यंत ऐकू येते बे तुहं सुख!"

सगळे हसायचे, प्रेमानंदही हसायचा. घोरणारा माणूस गाढ झोपतो हे त्यानं आईच्या तोंडून ऐकलं होतं, आईनं तिच्या आईच्या. मग इतका झोपूनही सकाळी अंगावरून रोलर गेल्यासारखं का वाटतं, डोक्यात मुठीएवढा दगड का बसलेला असतो, जिना चढताना मध्येच बसावंसं का वाटतं, याचं त्याच्याकडे एकच उत्तर होतं. आपण आळशी झालो. कष्टाळू माणसाला आळशी ठरणं फार लागतं. त्यानं दुपारचं जेवण अर्ध्यावर आणलं, तर्रीपोह्यांची गाडी दिसली की तो रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागला. मान थोडी बारीक झाली. झोप तेवढीच राहिली.

घरात खरी गोष्ट माहीत होती ती वंदनाला, त्याच्या बायकोला. लग्नानंतर वर्षभरात तिला त्या आवाजाची सवय झाली होती. भीती वाटायची ती आवाज थांबला की. घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम बंद. छाती हलायची नाही. ती उशीवरून डोकं उचलून थांबायची. मग घशातून खर्रकन ओढ बसायची, सारं अंग हादरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कितीतरी वर्षं ती त्या मधल्या शांततेत जागी राहत आली होती. दोघंही सकाळी थकलेलेच उठायचे, पण तिच्या थकव्याबद्दल कुणी विनोद केला नाही, कारण तो कुणाला दिसला नाही.

शेवटी मुलानं, रोशननं, बापाला प्रताप नगरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. अंगाला तारा लावून रात्रभराची तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस. समोर बसवून सांगितलं, "काका, तुम्ही झोपलात की घशातलं मांस सैल पडतं आणि वाट बंद करतं. श्वास अडकतो. मेंदू घाबरून तुम्हाला जागं करतो, पण तुम्हाला ते कळत नाही. रात्रभर हेच चालतं. तुम्ही झोपत नाही, झगडता."

वंदनानं पदर तोंडाला लावला. "म्हंजे डॉक्टरसाहेब, इतके सालं हे झोपलेच नाही?"

"पडले. झोपले असं म्हणता येणार नाही."

रोशननं यंत्र आणून दिलं. छोटी पेटी, तिच्यातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बांधायचा रबरी मुखवटा. हवेच्या जोरानं घशाची वाट उघडी ठेवायची, एवढंच त्याचं काम. मुखवटा बांधून प्रेमानंद पहिल्यांदा आरशासमोर उभा राहिला तेव्हा माहेरी आलेली मुलगी प्रीती खुदकन हसली.

"बाबा, गणपती दिसून राहिले तुमी!"

"दिसू दे वं. झोप भेटली त उंदरावर बसून दुकानात जाईन."

आणि मंडळी, एक सकाळ खरोखर तशी उगवली. प्रेमानंदनं डोळे उघडले आणि त्याला काही उचलावं लागलं नाही. ना डोकं, ना पापण्या, ना पाय. शेजारच्या घरातल्या फोडणीतला लसूण त्याला नाकानं ओळखू आला. वंदना बाजूला गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, कपाळावर एक आठी नाही. तिला असं झोपलेलं त्यानं किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला तिच्याकडे पाहत. मग दुकानात गेला आणि त्या दिवशी थान असं फेकलं की शेठजींनी गल्ल्यावरून मान वर केली. "वाह रे! पुराना प्रेमानंद आ गया!"

पुराना प्रेमानंद एका दिवसाचा पाहुणा निघाला. त्याच आठवड्यात सर्दी झाली, नाक बंद पडलं, आणि नाक बंद असलं की ती हवा आत जायची नाही, गुदमरल्यासारखं व्हायचं. सर्दी गेली, पण गुदमरणं राहिलं. झोपेतच त्याचे हात मुखवटा ओरबाडून काढायचे. सकाळी तो पलंगाखाली सापडायचा. वंदना पुन्हा बांधायची, तो पुन्हा काढायचा, आणि त्याला यातलं काहीच आठवायचं नाही. डॉक्टरांनी दुसरा मुखवटा दिला, मग तिसरा. नाकाचं हाड वाकडं आहे म्हणाले. शस्त्रक्रिया करता येईल, फरक पडेलच असं नाही. "प्रयत्न सोडू नका," ते म्हणाले. प्रेमानंदनं मान हलवली, आणि हलवता हलवताच त्यांच्या खुर्चीत त्याला डुलकी लागली.

दुकानात आता हसणं कमी झालं होतं. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर त्याच्या हातातलं थान निसटून गादीवरून खाली पडलं. सीझनच्या तोंडावर शेठजींनी त्याला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, घसा खाकरून बोलला.

"देख प्रेमानंद, दशहरे का माल तेरे भरोसे लेता हूँ. औरतें तेरा नाम लेके आती हैं. ये सीझन निकाल दे. गद्दी पे फिर नींद आई तो नीचे गोदाम में बैठना पड़ेगा."

गोदाम म्हणजे तळघर. वर गठ्ठे कमी पडले की खालून द्यायचे. तिथे गिऱ्हाईक नाही, थान फेकणं नाही, कुणी नाव घेणं नाही.

प्रेमानंदनं कंबर कसली. गादीवर बसणंच सोडलं, दिवसभर उभा. लवंग दाढेखाली, हिरवी मिरची खिशात. डोळा जड झाला की मिरचीला दात लावायचा आणि पाणी भरल्या डोळ्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहून हसायचा. बळीरामशी करार झाला. प्रेमानंदची पापणी पडली की बळीरामनं लोखंडी पट्टी जमिनीवर आपटायची.

"म्हंजे मी तुहा प्रॉम्प्टर," बळीराम म्हणाला. "नाव बोर्डावर टाकशील ना बे?"

"टाकतो ना. तुह्या फोटोले हार बी टाकतो."

सीझनचे दिवस असे निघत गेले. मंडळं आली, गठ्ठे गेले, एकही चूक नाही. आणि मग आली अंजनाबाई.

अंजनाबाई म्हणजे त्याच्याच बस्तीतल्या विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्षा. वंदनाही त्याच मंडळात. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, परतीच्या पावसाची झिमझिम होती. चारपाच बाया छत्र्या झटकत पायरी चढल्या.

"जयभीम, प्रेमानंदभाऊ! आमचं पांढरं काढा. मागच्या बारीसारखं झक्क पायजे."

"जयभीम, ताई. बसा ना. वंदना नाही आली?"

"तिले घरी झोपू द्या म्हटलं थोडं. तुमच्या पायी त ती रातपाळीच करते!"

बाया हसल्या. प्रेमानंदनं नवा माल काढला, तुलनेसाठी शेजारी मागच्या सालचा उरलेला मालही काढला. काठ तोच, निळा. नवं दुधासारखं, जुनं फळीवर पडून किंचित पिवळट. त्यानं एक साडी हवेत उडवली. ती अंजनाबाईच्या गुडघ्याशी येऊन अलगद बसली. "हे! हेच!" म्हणत बाया चहा प्यायला समोरच्या टपरीवर गेल्या. गठ्ठा बांधायचं तेवढं राहिलं.

बळीरामकडे तेव्हा सावनेरचा दुकानदार बसला होता, घासाघीस करत. बोलता बोलता बळीराम मध्येच मान वळवून पाहत होता. प्रेमानंद उभा होता, डोळे उघडे होते. हात चालले होते. साडी उचल, झटक, घडी नीट कर, ठेव. साडी उचल, झटक, घडी नीट कर, ठेव. पट्टी आपटायचं कारणच नव्हतं. शेठजींनीही पाहिलं आणि समाधानानं फोन कानाला लावला. बाया परत आल्या तेव्हा गठ्ठा तयार, सुतळी आवळलेली.

घरी जाताना प्रेमानंद खुशीत होता. सीझन निघाला होता. गादी वाचली होती. वाटेत त्यानं वंदनासाठी संत्राबर्फी घेतली.

विजयादशमीची सकाळ लख्ख निघाली. विहारासमोर बुद्धवंदना झाली, पंचशील झालं, आणि बायांची रांग चौकातून निघाली. प्रेमानंद कोपऱ्यावर पाणी वाटायला उभा होता. वाजतगाजत रांग वळणावर आली, वळली, आणि तिच्या अंगावर समोरून ऊन पडलं.

हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

अर्धी रांग दुधासारखी होती. अर्धी पिवळट. मध्येमध्ये, कुठेही, कशीही मिसळलेली, पांढऱ्या भिंतीवर ओल फुटावी तशी. बघ्यांतली एक पोरगी ओरडली, "ओ काकू, जुन्या साड्या धुवून आनल्या का वं?" कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या रांगेत वंदना होती. तिच्या अंगावर पिवळटच. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पटकन नजर पुढे केली आणि पदर नीट करत चालत राहिली. ती पदर नीट करत होती, जणू तो तिनंच मळवला होता.

सणाचे दिवस सरले आणि अंजनाबाई एकटीच दुकानात आली. गादीच्या कडेवर बसली. साड्या परत होण्यासारख्या नव्हत्याच, सगळ्यांना फॉल लागले होते. ती त्यासाठी आलीही नव्हती.

"प्रेमानंदभाऊ, तुमी घरचे. म्हनून मी मिरवणुकीत तोंड उघडलं नाही. पन मले एक सांगा. ते उन्हात पाह्यलं होतं का तुमी?"

"पाह्यलं होतं ना, ताई!" प्रेमानंद जीव तोडून म्हणाला. "बुद्धाची शपथ! एकेक साडी पायरीवर नेली. ऊन माह्या हातावर पडलं होतं. चटका लागत होता. सगळ्या सारख्या होत्या ताई, सगळ्या!"

खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही. दुकानात सगळ्यांना ते कळलं. शेवटी बळीरामनंच तोंड उघडलं, खाली पाहून.

"प्रेम्या, त्या दिवशी ऊन नव्हतं बे. दिवसभर पानी होतं. सगळ्या बाया छत्र्या घेऊन आल्या होत्या."

प्रेमानंदनं अंजनाबाईकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली.

तो पायरीकडे पाहत राहिला. पायरी त्याला दिसत होती. तिच्यावरचं ऊन दिसत होतं, स्वतःचा हात दिसत होता. तळहातावरची ती ऊबही अजून होती. उभ्या उभ्या, उघड्या डोळ्यांनी, नव्या-जुन्या दोन्ही ढिगांवर हात चालू असताना तो झोपला होता. आणि झोपेतही त्यानं आपला नियम पाळला होता, एकेक साडी उन्हात धरून पाहिली होती. स्वप्नात फक्त.

"मंग मी कवा जागा असतो, बळ्या?" त्यानं विचारलं.

अंजनाबाई उठली. जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या साली पुन्हा तुमच्याकडेच येऊ, भाऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं की येणार नाहीत.

शेठजींनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. गल्ल्यावर हात टेकून ते म्हणाले, "तू चोर नहीं है, ये मैं जानता हूँ. चोर होता तो आसान था. कल से नीचे बैठ, प्रेमानंद."

आणि तो खाली गेला.

गोदामात एक पिवळा बल्ब आहे, कोऱ्या कापडाचा वास आहे आणि गठ्ठ्यांच्या भिंती आहेत. आता त्याला कुणी टोचत नाही. खुशाल झोपावं. तो झोपतोही, गठ्ठ्याला टेकून, मनात येईल तेव्हा. उठतो तेव्हा डोक्यातला दगड तिथेच असतो. घरी यंत्र कपाटावर ठेवलेलं आहे. रोशन आला की तो ते खाली काढून पुसतो, एक-दोन रात्री मुखवटा बांधला जातो, सकाळी पलंगाखाली सापडतो. डॉक्टर अजून म्हणतात प्रयत्न सोडू नका. वंदना अजून मधल्या शांततेत डोकं उचलते. ती हल्ली मंडळात जात नाही. विचारलं तर म्हणते, थकवा येते.

वर प्रेमानंदच्या जागी दुसरा माणूस बसतो. बरा आहे. थान फेकत नाही, हातानं उलगडतो.

एप्रिलात भीमजयंतीच्या आधी पुन्हा पांढऱ्याची मागणी निघाली. वर माल संपला म्हणून बळीराम स्वतः जिना उतरून खाली आला. पोरांना पाठवलं नाही. प्रेमानंद गठ्ठ्याशी बसला होता, मान छातीवर.

बळीरामच्या हातात लोखंडी पट्टी होती, सवयीनं आणलेली. त्यानं ती आपटली नाही. खांद्याला हात लावून उठवलं.

"प्रेम्या, पांढरं पायजे बे. निळ्या काठाचं. एका मंडळाच्या बाया बसल्या आहे वर."

"कोन्त्या बस्तीच्या?"

"तुह्या नाही."

प्रेमानंद उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास घेत घेत. फळीवरून एक साडी काढली, पिवळ्या बल्बखाली आणून पसरली, तिच्यावरून तळहात फिरवला. क्षणभर त्याचं मनगट वळलं, जुन्या झटक्यासाठी वळावं तसं. बळीराम पाहत होता. झटका आला नाही. प्रेमानंदनं घडी घातली, साड्या एकावर एक रचल्या, सुतळी बांधली. मध्येच थांबून तो भिंतीकडे पाहत राहिला. तळघराला खिडकी नाही, त्या भिंतीवर कधीही ऊन पडत नाही.

मग त्यानं गठ्ठा बळीरामच्या हातात दिला. बळीराम जिन्याकडे वळला तशी त्यानं मागून हाक मारली.

"बळ्या... मले पाह्यल्यासारखं वाटते गा. पन तू एकदा उन्हात नेऊन पाह्य."